काठी मेंढपाळाची, वाट काट्यांची

आज नाताळ. वसईच्या वाड्यांतून, वांद्र्याच्या गल्ल्यांतून आणि गोव्याच्या गावागावांतून कागदी चांदण्यांतील दिवे रात्रभर तेवत होते. मध्यरात्रीची उपासना आटोपून मंडळी घरी परतली आहेत आणि करंज्या-कुळकुळांची ताटे शेजारपाजारच्या घरी पोहोचू लागली आहेत. घरोघरी गोठ्याची आरास मांडली आहे. या आरासीतील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कोणास कळली? राजवाड्यातील राजास नव्हे, मंदिरातील पुरोहितासही नव्हे. लूकच्या शुभवर्तमानानुसार ती कळली रानात थंडीने कुडकुडत मेंढरे राखणाऱ्या गरीब मेंढपाळांना. आणि जो जन्मला त्याच्या मातापित्यांस त्या रात्री गावात उतरावयास जागा मिळाली नव्हती.

ख्रिस्ती धर्मसंस्थेने पुढे आपल्या श्रेष्ठ अधिकाऱ्याच्या, म्हणजे बिशपच्या, हाती जी वाकड्या टोकाची काठी दिली, ती मेंढपाळाचीच खूण होय. कळपातील प्रत्येक मेंढराचा सांभाळ त्याने करावा. जे वाट चुकले, जे मागे राहिले, त्याचाही शोध घ्यावा, असा तिचा अर्थ. परंतु ज्यास कळपाने कधी आपले म्हटले नाही अशाच एखाद्याच्या हाती ती काठी आली तर? अशी घटना २००३ साली अमेरिकेत घडली आणि तिचे पडसाद पाचही खंडांत उमटले. आजच्या या मंगल दिवशी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते जीन रॉबिन्सन यांचे चरित्र. आपण समलिंगी आहोत हे न लपविता बिशपपदी निवडून आलेले अँग्लिकन परंपरेतील ते पहिले धर्मगुरू.

दोन दाखल्यांसाठी एक नाव

रॉबिन्सन यांचा जन्म २९ मे १९४७ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराच्या परिसरात झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने तंबाखू पिकवणारे गरीब शेतकरी होते. घरात नळ नव्हता. पाणी टाक्यातून शेंदावयाचे, कपडे चुलाणावरील लोखंडी कढईत उकळावयाचे, शौचकूप घराबाहेर. मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत त्या घरी नळाचे पाणी आले नाही.

मूल जन्मले ते कमरेखाली लुळे आणि इतके आजारी, की ते जगणार नाही अशी डॉक्टरांची खात्री झाली. नाव काय लिहावयाचे, असे त्यांनी आईबापांस विचारले. जन्माच्या दाखल्यासाठी आणि मृत्यूच्या दाखल्यासाठीही ते हवे होते. आईबापांनी मुलीची आस धरली होती. वडील व्हिक्टर, आई इमोजीन. दोघांच्या नावांतून घडलेले ‘व्हिकी जीन’ हे नाव मुलास मिळाले. आपल्याकडे नवसासायासाच्या मुलास दगडू-धोंडू म्हणण्याची रीत होती. येथे कोणी तसा हेतू धरला नव्हता, पण मूल मात्र जगले. पुढे कित्येक वर्षे वडिलांच्या मनातून भय गेले नाही. मुलगा चालू लागला, धावू लागला, तरी प्रत्येक पाऊल शेवटचे ठरेल की काय, अशी धास्ती त्यांना वाटत असे.

हे कुटुंब एका लहानशा प्रोटेस्टंट मंडळीचे सभासद होते. रविवारच्या धर्मशाळेत या मुलाची उपस्थिती सलग तेरा वर्षे अखंड होती. बायबल त्यास जवळजवळ मुखोद्गत झाले. परंतु बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर आपण इतर मुलांसारखे नाही, ही जाणीव त्याच्या मनात उगवली. ज्या धर्मपीठावरून तो देवाच्या प्रीतीविषयी ऐकत होता, त्याच पीठावरून अशा माणसांविषयीचा तिरस्कारही त्याच्या कानी पडत होता. त्या काळच्या त्या खेड्यात हे गूज सांगावे तरी कोणास? मुलाने मौन पत्करले. ते मौन पुढे पंचवीस वर्षे टिकले.

विवाह आणि विभक्ती

टेनेसी राज्यातील ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या एपिस्कोपल चर्चच्या विद्यापीठाने पूर्ण शिष्यवृत्ती दिली म्हणून रॉबिन्सन तेथे गेले. एपिस्कोपल चर्च म्हणजे अँग्लिकन परंपरेची अमेरिकेतील शाखा. वैद्यक शिकण्याचा प्रथमचा बेत तेथेच मागे पडला आणि धर्मसेवेची ओढ बळावली. १९६९ साली पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले.

तेथे असता आपल्या मनाची ही घडण हा एक आजार असून तो बरा होऊ शकतो, या समजुतीने त्यांनी मानसोपचार घेतले. दोन वर्षे नेमाने ते उपचारकाकडे जात होते. बरे झालो असे वाटले तेव्हा त्यांचा एका तरुणीशी परिचय झाला. आपल्या मनातील झुंज त्यांनी तिच्यापासून लपविली नाही; लग्नापूर्वीच सारे सांगितले. दोघांनीही ईश्वरावर भरवसा ठेवून १९७२ साली विवाह केला. १९७३ साली रॉबिन्सन यांना प्रथम डीकन व नंतर धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळाली. न्यू जर्सीतील एका चर्चमध्ये काही काळ सेवा करून १९७५ साली हे दांपत्य न्यू हॅम्पशर राज्यात स्थायिक झाले. त्यांना दोन मुली झाल्या.

उपचारांनी, प्रार्थनेने आणि प्रपंचाने जे बदलेल असे वाटले होते ते बदलले नाही. १९८६ साली पतिपत्नींनी विभक्त होण्याचा निर्णय घेतला. तो त्यांनी ज्या रीतीने अंमलात आणला, ती वाचकांनी ध्यानी घ्यावी. न्यायालयातील काम संपल्यावर दोघे आपल्या धर्मगुरूसमवेत चर्चमध्ये गेली. एकमेकांस जे दुःख दिले त्याबद्दल त्यांनी परस्परांची क्षमा मागितली, लग्नाच्या अंगठ्या परत केल्या, मुलींचे संगोपन दोघांनी मिळून करण्याचे वचन दिले आणि शेवटी एकत्र प्रभुभोजन घेतले. ज्या वेदीपाशी विवाहाची शपथ घ्यावयाची, तेथेच ती सन्मानाने सोडवून घेतली. पुढे १७ वर्षांनी रॉबिन्सन यांची बिशपपदी निवड झाली तेव्हा त्यांनी पत्नीस टाकले, असा प्रचार पुष्कळ झाला. तो किती एकांगी होता हे या प्रसंगावरून कळावे.

१९८७ साली त्यांची मार्क अँड्र्यू यांच्याशी भेट झाली आणि पुढील वर्षी दोघे एकत्र राहू लागले. त्यांच्या घरास आशीर्वाद देण्यास धर्मप्रांताचे बिशप डग्लस थ्यूनर स्वतः आले. त्याच वर्षी थ्यूनर यांनी रॉबिन्सन यांना आपले मुख्य साहाय्यक नेमले. पुढे पंधरा वर्षे न्यू हॅम्पशरमधील चर्चेचर्चे त्यांनी पालथी घातली: कोठे धर्मगुरू नेमावयाचा, कोठे मंडळीतील भांडण मिटवावयाचे, कोठे तरुणांना एड्सविषयी शहाणे करावयाचे. युगांडातही त्यांनी एड्सविषयक कार्य केले. समलिंगी तरुणांसाठी आधारगट उभारण्यास त्यांनी हातभार लावला. न्यू हॅम्पशरच्या लोकांना हे गृहस्थ असे वर्षानुवर्षांच्या सहवासातून ठाऊक झाले होते, हे पुढील घटना समजण्यासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

निवड कशी झाली

रोमन कॅथलिक पंथात बिशपची नेमणूक पोप करतात. एपिस्कोपल चर्चची रीत निराळी आहे. तेथे धर्मप्रांतातील धर्मगुरू आणि प्रत्येक मंडळीचे प्रापंचिक प्रतिनिधी एकत्र जमून मतदान करतात, आणि दोन्ही गटांत बहुमत मिळाल्याखेरीज कोणी निवडून येत नाही. ७ जून २००३ रोजी न्यू हॅम्पशरची राजधानी काँकर्ड येथील सेंट पॉल चर्चमध्ये असे मतदान झाले. दुसऱ्या फेरीत दोन्ही गटांचे बहुमत रॉबिन्सन यांना मिळाले.

एवढ्याने काम संपत नाही. निवडीस साऱ्या राष्ट्रीय चर्चची संमती लागते. त्या वर्षी राष्ट्रीय अधिवेशन मिनियापोलिस येथे भरावयाचे होते, म्हणून हा प्रश्न तेथे आला. प्रतिनिधिसभेने संमती दिली. बिशपांचे मतदान होणार त्याच वेळी रॉबिन्सन यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप पुढे करण्यात आले. मतदान थांबले, चौकशी झाली, आरोपांत तथ्य नाही असे ठरले आणि ५ ऑगस्ट रोजी बिशपांनी कौल दिला. ६२ मते अनुकूल पडली. प्रतिकूल मतांची संख्याही चाळीसच्या वर होती. एकमत नव्हतेच. काहींनी डोळ्यांत पाणी आणून निषेध नोंदविला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रॉबिन्सन हे पहिले समलिंगी बिशप होते काय? ते स्वतःच तसे मानीत नसत. आपल्याआधीही असे बिशप होऊन गेले, फक्त कोणी तसे बोलून दाखविले नाही, असे ते म्हणत. यूटाचे बिशप ओटिस चार्ल्स यांचे उदाहरण त्याच चर्चमधील आहे. पदावरून निवृत्त झाल्यावर, १९९३ साली, त्यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. पदावर असताना त्यांना ते शक्य झाले नव्हते. तेव्हा २००३ साली चर्चपुढे आलेला प्रश्न असा होता, की बिशप होऊ पाहणाऱ्याने स्वतःविषयी सत्य सांगितले तर ते सत्य त्यास अपात्र ठरविते काय? मौन पाळणारा चालत होता. बोलणारा चालेल का?

गोळीप्रतिबंधक जाकिटावर धर्मवस्त्रे

२ नोव्हेंबर २००३, रविवार. डरहॅम येथे न्यू हॅम्पशर विद्यापीठाचे बर्फावरील हॉकीचे बंदिस्त क्रीडागृह आहे. एवढा समुदाय मावेल असे चर्च नव्हते म्हणून अभिषेकाचा विधी तेथे योजिला होता. सुमारे चार हजार माणसे जमली. बाहेर समर्थक आणि निदर्शक दोन्ही होते. छतांवर व दारांशी पोलीस होते. ठार मारण्याच्या धमक्या इतक्या आल्या होत्या, की रॉबिन्सन यांनी धर्मवस्त्रांच्या आत गोळीप्रतिबंधक जाकीट घातले होते. जगण्याची आशा नसलेल्या त्या मुलाचे वृद्ध आईवडीलही त्या दिवशी आले होते. मुलाचे पाऊल शेवटचे ठरेल ही त्यांची जुनी धास्ती छप्पन्न वर्षांनंतर पुन्हा खरी होऊ पाहत होती.

विधीच्या प्रारंभी, कोणाची हरकत असल्यास ती मांडावी, असे विचारण्याची प्रथा आहे. हरकती घेतल्या गेल्या. चर्चचे प्रमुख बिशप फ्रँक ग्रिसवोल्ड यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि विधी पुढे चालविला. प्राचीन नियमानुसार नव्या बिशपला निदान तीन बिशपांनी मस्तकावर हात ठेवून अभिषेक करावयाचा असतो. त्या दिवशी चाळीसांहून अधिक बिशप रॉबिन्सन यांच्याभोवती जमले. मस्तकावर धारण करावयाचा उंच मुकुट त्यांना मार्क अँड्र्यू यांनी दिला. काठी हाती आली.

विरोधकांची व्यथा

विरोध करणारे सारेच द्वेषाने आंधळे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अँग्लिकन परिवारात त्या वेळी ३८ स्वायत्त प्रांत होते आणि त्यांतील बहुसंख्य उपासक आफ्रिका खंडात राहत होते. १९९८ साली लॅम्बेथ परिषदेत, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या दशवार्षिक मेळाव्यात, समलिंगी संबंध शास्त्रवचनाशी विसंगत आहेत, असा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला होता. लेवीय ग्रंथातील आणि पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील वचने त्यामागे होती. पाचच वर्षांनी अमेरिकन चर्चने तो ठराव बाजूस सारला. नायजेरियाचे आर्चबिशप पीटर अकिनोला आणि त्यांचे सहकारी विचारीत, की ज्या गोऱ्या मिशनऱ्यांनी आमच्या पूर्वजांना हे शास्त्र प्रमाण म्हणून शिकविले, त्यांचेच वंशज आता आम्हांस विचारल्यावाचून त्याचा अर्थ बदलणार काय? ज्या गावांत ख्रिस्ती व मुसलमान समाज तणावाखाली शेजारी राहतात, तेथे दूर अमेरिकेतील निर्णयाची झळ आम्हांस लागेल त्याचे काय? या प्रश्नांची उत्तरे सोपी नाहीत.

समर्थकांची बाजू अशी, की बायबलमधील वचनांचा आधार गुलामगिरीलाही दिला गेला होता आणि स्त्रियांना धर्मपीठापासून दूर ठेवण्यासही दिला गेला होता. त्याच चर्चने १९७६ साली स्त्रियांना धर्मगुरूपद खुले केले आणि १९८९ साली बार्बरा हॅरिस या अँग्लिकन परिवारातील पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. पवित्र आत्मा शिष्यांना सत्याकडे पुढे पुढे नेत राहील, हे योहानाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताचे आश्वासन रॉबिन्सन आपल्या प्रवचनांतून वारंवार सांगत. देवाचे बोलणे ग्रंथ लिहून झाल्यावर संपले नाही, असा त्यांचा विश्वास होता.

वाद शब्दांवर थांबला नाही. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत अमेरिकेतील चार धर्मप्रांतांच्या बहुसंख्य मंडळींनी एपिस्कोपल चर्चची साथ सोडली. २००९ साली त्यांनी निराळे चर्च स्थापन केले. ज्या इमारतींत आजोबा-पणजोबांनी प्रार्थना केली त्या कोणाच्या, यावरून भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात उभा राहिला. एका माणसाच्या सत्यकथनाचे हे मोल हजारो घरांनी चुकविले, आणि त्यात दोन्ही बाजूंची श्रद्धावान माणसे होती.

दाराबाहेरचा पाहुणा

रॉबिन्सन यांनाही मोल द्यावे लागले. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी धर्मप्रांतातील लोकांना पत्र लिहून कळविले, की मद्याच्या व्यसनातून मुक्त होण्यासाठी आपण उपचारकेंद्रात दाखल झालो आहोत. आपण आजवर याला मनोनिग्रहाची उणीव समजत होतो, हा एक रोग आहे हे आता कळले, असे त्यांनी मोकळेपणी लिहिले. महिन्याभराने ते कामावर परतले. विरोधकांच्या हाती आयते शस्त्र पडेल हे ठाऊक असूनही त्यांनी आजार लपविला नाही. लोकांनी त्यांना पुन्हा स्वीकारले.

२००८ साली लॅम्बेथ परिषद पुन्हा भरली. कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स हे स्वतः विद्वान व मृदू स्वभावाचे. परिवार फुटू नये ही त्यांची तळमळ. त्यांनी बिशपांना निमंत्रणे पाठविली, त्यांतून रॉबिन्सन यांना वगळले. इंग्लंडमध्ये प्रवचन करण्यास व प्रभुभोजनाचा विधी चालविण्यासही परवानगी मिळाली नाही. एवढे करूनही आफ्रिकेतील दोनशेंवर बिशप आले नाहीत ते नाहीतच. त्यांतील अनेकांनी त्याआधी जेरुसलेम येथे आपली वेगळी परिषद भरविली होती. ज्या एकीसाठी एकास दाराबाहेर ठेविले, ती एकी हाती लागली नाही.

रॉबिन्सन मात्र इंग्लंडला गेले. परिषदेच्या आवाराच्या कडेला राहून, जो कोणी बोलावयास येईल त्याच्याशी ते बोलत राहिले. त्याआधी १३ जुलै रोजी लंडनमधील पटनी येथील सेंट मेरी चर्चने त्यांना प्रवचनास पाचारण केले होते. प्रवचन सुरू होताच एक जण उठून ‘पश्चात्ताप करा’ असे ओरडू लागला. उपासकांनी स्तोत्र गाण्यास आरंभ केला. त्या माणसास बाहेर नेण्यात आले. रॉबिन्सन यांनी श्रोत्यांना त्या माणसासाठी प्रार्थना करावयास सांगितले आणि राहिलेले प्रवचन पुरे केले.

कारागृहातील नाताळ

जगाच्या वृत्तपत्रांतून त्यांचे नाव गाजत असता न्यू हॅम्पशरमधील सुमारे पन्नास लहानमोठ्या चर्चेसचा संसार रॉबिन्सन सांभाळीतच होते. वाचकांस आम्ही विशेषतः सांगू इच्छितो ते एका पत्राविषयी. त्यांच्या निवडीची वार्ता ऐकून राज्याच्या स्त्री-कारागृहातील एका तरुण बंदिनीने त्यांना पत्र पाठविले. आपण ख्रिस्ती नाही आणि समलिंगीही नाही, असे तिने प्रथमच सांगून टाकले होते. तरीही या निवडीमुळे तिच्या मनात आशा जागी झाली होती, की आपल्या हातून जे घडले ते जाणूनही आपल्यावर प्रेम करील असा समाज बाहेर कोठेतरी असेल.

हे पत्र रॉबिन्सन यांनी आपल्या अनेक प्रवचनांतून सांगितले. नाताळच्या आदल्या दिवशी त्या कारागृहात जाऊन बंदिनींसमवेत उपासना करण्याचा परिपाठ त्यांनी ठेविला. तेथे जमलेल्या मातांची मुले त्या रात्री दूर कोणाच्या तरी घरी असत. गव्हाणीतल्या बाळाची कथा या मातांना निराळ्या रीतीने कळत असेल, यात शंका नाही. ज्यांच्यापर्यंत कोणी सहसा जात नाही त्यांच्यापर्यंत वार्ता पोहोचविणे, हे मेंढपाळाच्या काठीचे मूळचे काम. ते येथे होत होते.

१८ जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांच्या शपथविधीनिमित्त वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकापाशी झालेल्या समारंभाची प्रारंभप्रार्थना रॉबिन्सन यांनी म्हटली. ती कोणा एका धर्माची असू नये, याची त्यांनी काळजी घेतली. ज्याला माणसे नाना रीतींनी जाणतात अशा ईश्वराला उद्देशून त्यांनी मागणे मागितले. दारिद्र्य, हिंसा, भेदभाव पाहून आमच्या डोळ्यांत पाणी येऊ दे, अन्याय पाहून आम्हांस राग येऊ दे, असा त्याचा आशय होता. आपल्याकडील संतवाणीत वाढलेल्या वाचकास हा सूर परका वाटणार नाही. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणात मात्र ही प्रार्थना दाखविली गेली नाही.

पदत्याग आणि त्यानंतर

नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी निवृत्तीचा मनोदय जाहीर केला. सततच्या धमक्या आणि वाद यांचा ताण आपल्यावर, जोडीदारावर आणि धर्मप्रांतावरही पडला आहे, असे कारण त्यांनी दिले. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी काठी नव्या बिशपांच्या हाती सोपविली. तत्पूर्वी, ७ जून २००८ रोजी, निवडणुकीस बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, त्याच सेंट पॉल चर्चमध्ये रॉबिन्सन व अँड्र्यू यांचे नाते राज्याच्या कायद्यानुसार नोंदले गेले होते, आणि २०१० साली कायदा बदलल्यावर त्यास विवाहाची मान्यता मिळाली होती. २०१४ साली मात्र दोघे विभक्त होत असल्याचे रॉबिन्सन यांनी स्वतःच लिहून कळविले. विवाहसंस्थेवरील आपला विश्वास ढळलेला नाही, असेही त्यांनी लिहिले. ज्यांनी त्यांना प्रतीक केले होते ते हळहळले, ज्यांनी त्यांना पापी ठरविले होते ते हसले. माणूस प्रतीकाएवढा निर्दोष कधीच नसतो. रॉबिन्सन यांनी तसा आव आणला नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

दरम्यान काळ पुढे सरकत होता. २०१० साली लॉस एंजेलिस येथे मेरी ग्लासपूल बिशप झाल्या. त्याही समलिंगी असल्याचे सर्वांस ठाऊक होते. २०१५ साली एपिस्कोपल चर्चने समलिंगी विवाहाचा विधी मान्य केला. २०२२ च्या लॅम्बेथ परिषदेस समलिंगी बिशपांना निमंत्रणे मिळाली, त्यांच्या जोडीदारांना मात्र मिळाली नाहीत. २०२५ साली वेल्सच्या चर्चने चेरी व्हॅन यांना आर्चबिशप निवडले. त्याही आपल्या जोडीदार स्त्रीसमवेत उघडपणे राहणाऱ्या. तथापि परिवारातील भेग बुजलेली नाही.

हा परिवार आपल्याला दूरचा नाही. १९७० साली नागपूर येथे अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट मंडळी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मुंबईतील सेंट थॉमस कॅथीड्रल त्याच चर्चचे, आणि ते चर्च आजही अँग्लिकन परिवाराचे सभासद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले. कायद्याने दार उघडले. घरांची, मंदिरांची, चर्चेसची दारे उघडणे कायद्याच्या हाती नसते. केंटकीतील त्या मुलासारखे मौन आपल्या कोणत्या घरात कोण बाळगून आहे, हे आपल्यास ठाऊक नाही, आणि तो आज आपल्याच गोठ्याच्या आरासीपाशी उभा असू शकेल. शास्त्रवचनांचा अर्थ लावण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु ज्याच्या तोंडून सत्य निघाले त्यास आपण काय उत्तर देतो, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या माणसाचा आहे.

शेवटी एकच प्रसंग. ऑक्टोबर १९९८ मध्ये वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याचा, तो समलिंगी होता म्हणून, अमानुष खून झाला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीही निंदेचे फलक घेऊन लोक आले होते. कोठेही पुरले तरी कोणी विटंबना करील या भयाने आईबापांनी त्याच्या अस्थी वीस वर्षे स्वतःजवळ ठेविल्या. अखेर २६ ऑक्टोबर २०१८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलने त्या आपल्या तळघरात विसावण्यासाठी स्वीकारल्या. अस्थिकलश हाती घेऊन आला तो निवृत्त बिशप जीन रॉबिन्सन यांनी. प्रवचनाच्या शेवटी, गहिवरल्या कंठाने, त्यांनी त्या मुलाला उद्देशून सांगितले की तू आता सुखाने विसाव, येथे तू सुरक्षित आहेस, आणि तू घरी आला आहेस.

उतरावयास जागा न मिळालेल्या एका कुटुंबाची आठवण आपण आज साजरी करीत आहोत. आमच्या सर्व वाचकांच्या घरी आज आलेल्या प्रत्येकास जागा मिळो, या सदिच्छेसह नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.